नव्या कररचनेत निवृत्तीची पुंजी: पगाराच्या मांडणीपासून पेन्शनपर्यंत

फेब्रुवारी उजाडला की नोकरदारांच्या घरात वर्षानुवर्षं एक ठरलेली धावपळ असायची. पीपीएफमध्ये रक्कम टाका, विम्याच्या पावत्या शोधा, ईएलएसएस म्हणजे कर वाचवणाऱ्या म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट काढा, सगळं जोडून दीड लाखाचा आकडा गाठा आणि ऑफिसात पुरावे जमा करा. हे सगळं कर वाचवण्यासाठी चालायचं, पण त्या निमित्ताने दरवर्षी काही पैसा म्हातारपणासाठी बाजूला पडत होता.

नवी करप्रणाली आली आणि ती सक्ती गेली. कर कमी झाला, पावत्यांची कटकट संपली, पण त्याबरोबर बचतीची शिस्तही सैल झाली. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. तेव्हापासून अनेकांच्या हातात महिन्याला चार-सहा हजार रुपये जास्त पडतात आणि महिनाअखेरीला ते कुठे गेले हे सांगता येत नाही. खात्यात आलेल्या पैशाला पाय फुटतात. म्हणून माझा आग्रह एकच आहे: कायद्यातल्या बदलाने जे वाचलं, ते पगार खात्यात पोचण्याआधीच निवृत्तीच्या खात्याकडे वळवा. त्यासाठी कायद्याने एक दार उघडं ठेवलेलं आहे, कंपनीमार्फत एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) पैसे भरण्याचं, आणि खासगी नोकरीतल्या बहुतेकांना ते माहीतच नाही.

आधी बदल समजून घेऊ

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीचे टप्पे असे आहेत: ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर माफ होतो, त्यामुळे भरायचं काही उरत नाही. नोकरदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांच्यासाठी ही रेषा १२ लाख ७५ हजारांवर जाते.

या प्रणालीत ८०सीची (पीपीएफ, विमा, ईएलएसएस यांवरची) दीड लाखाची वजावट नाही, एनपीएसमध्ये स्वतः भरलेल्या ५० हजारांची जादा वजावट नाही, घरभाड्याची सूट नाही, राहत्या घराच्या कर्जव्याजाची सूट नाही. पण मालकाने, म्हणजे तुमच्या कंपनीने, तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम मात्र वजा होते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने खासगी कंपन्यांसाठी ही मर्यादा नव्या प्रणालीत बेसिक (मूळ वेतन) अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर नेली. जुन्या प्रणालीत ती खासगी नोकरदारांसाठी १० टक्केच राहिली. ८०सीसीडी(२) म्हणतात ते हेच कलम.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात: ८०सीची तरतूद कलम १२३ मध्ये, ८०सीसीडीची कलम १२४ मध्ये. लोकांच्या तोंडी जुने क्रमांक अजून बरीच वर्षं राहतील, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

पहिली पायरी: तुम्ही कुठल्या गटात बसता?

मागच्या वर्षीचा फॉर्म १६ आणि चालू पगाराची स्लिप समोर घ्या. वर्षाच्या एकूण पगारातून (कंपनीचा पीएफचा हिस्सा सोडून) ७५ हजार वजा करा आणि त्यात मुदत ठेवींचं व बचत खात्याचं व्याज, भाडं वगैरे मिळवा. येणारा आकडा १२ लाखांच्या खाली आहे, थोडा वर आहे की बराच वर आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

खाली असेल तर तुमचा कर आधीच शून्य आहे. अशा माणसाला कंपनीमार्फत एनपीएस घेऊन कराचा एक रुपयाही फायदा नाही, उलट पैसा बरीच वर्षं अडकतो. कंपनी स्वतःच्या खिशातून, पगाराला हात न लावता वर भरत असेल तर जरूर घ्या. पगारातूनच काढून भरणार असेल तर या गटाने पीपीएफ, व्हीपीएफ (पीएफमध्ये स्वेच्छेने भरलेली जादा रक्कम) आणि म्युच्युअल फंडांकडे वळावं. त्यांच्याकडे वळवायला पैसा आहे. वर्षाला १२ लाख पगार असलेल्या नोकरदाराला २०२४-२५ मध्ये नव्या प्रणालीत उपकरासह ७१,५०० रुपये कर होता, २०२५-२६ पासून तो शून्य झाला. महिन्याला जवळपास ६ हजार रुपये मोकळे झाले.

दुसरी पायरी: रेषेच्या जरा वर असाल तर १४ टक्क्यांची जादू

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून सावकाश वाचा.

समजा एखाद्याचा वर्षाचा पगार १३ लाख ७० हजार आहे, त्यातलं बेसिक निम्मं म्हणजे ६ लाख ८५ हजार, आणि दुसरं उत्पन्न नाही. प्रमाणित वजावट काढली की करपात्र उत्पन्न १२ लाख ९५ हजार. त्यावर कर ७४,२५० आणि ४ टक्के उपकर मिळून ७७,२२० रुपये.

आता त्याने कंपनीला सांगितलं की माझ्या विशेष भत्त्यातले ९५,९०० रुपये, म्हणजे बेसिकचे बरोबर १४ टक्के, भत्ता म्हणून न देता कंपनीचं योगदान म्हणून एनपीएसमध्ये भरा. कंपनीचा खर्च तेवढाच राहिला. करपात्र उत्पन्न झालं ११ लाख ९९ हजार १०० रुपये. ते १२ लाखांच्या आत आलं, त्यामुळे कर शून्य.

निवृत्ती खात्यात वर्षाला ९५,९०० रुपये गेले आणि कर ७७,२२० रुपयांनी घटला. म्हणजे हातात पडणारा पगार वर्षाला फक्त १८,६८० रुपयांनी कमी झाला, महिन्याला सुमारे १,५५७ रुपये. दर महिन्याला १,५५७ रुपयांची झळ सोसून जवळपास ८ हजार रुपये स्वतःच्या नावावर जमा होतात. नोकरदाराला कायदेशीर मार्गाने यापेक्षा चांगला सौदा आज दुसरीकडे मिळत असेल असं मला वाटत नाही.

बेसिक निम्मं असेल तर साधारण १३ लाख ७० हजारांच्या पगारापर्यंत हे गणित कर शून्यावर आणतं. बेसिक जास्त असेल तर रेषा आणखी वर सरकते.

इथे एक खाच मात्र आहे. याच माणसाला बँकेतल्या मुदत ठेवीवर २० हजार रुपये व्याज मिळालं असतं तर उत्पन्न १२ लाख १९ हजार १०० झालं असतं. रेषा ओलांडणाऱ्यांसाठी कायद्यात सीमांत सवलत आहे: १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा कर जास्त होत नाही. पण याचाच अर्थ कर १९,१०० आणि उपकर धरून १९,८६४ रुपये. वीस हजारांच्या व्याजातले फक्त १३६ रुपये हाती उरले! म्हणून रेषेच्या जवळ असाल तर ठेवींचं व्याज आधी मोजा आणि ठेवींचा काही भाग पीपीएफकडे वळवा, कारण तिथलं व्याज करमुक्त आहे, ते या बेरजेत येत नाही.

म्युच्युअल फंड किंवा शेअर विकून झालेल्या नफ्याचंही तसंच. १२ लाखांची रेषा एकूण उत्पन्नावर पाहिली जाते आणि त्यात भांडवली नफा धरला जातो. शिवाय इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्यावरच्या करासाठी ही माफी वापरता येत नाही. मोठा नफा काढायचाच असेल तर तो कुठल्या वर्षी काढायचा हे आधी ठरवा.

रेषेच्या बरेच वर असाल तर

१६ लाख पगार आणि ८ लाख बेसिक धरू. २०२४-२५ मध्ये नव्या प्रणालीत उपकरासह कर १,५३,४०० होता. २०२५-२६ मध्ये तो १,१३,१०० झाला. फक्त टप्पे बदलल्यामुळे ४०,३०० रुपये वाचले.

आता बेसिकच्या १४ टक्के, म्हणजे १,१२,००० रुपये, कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवले तर कर आणखी १७,४७२ रुपयांनी घटून ९५,६२८ होतो. २०२४-२५ शी तुलना केली तर हातात पडणारी रक्कम महिन्याला सुमारे ४,५०० रुपयांनी कमी होते आणि एनपीएसमध्ये महिन्याला ९,३३३ रुपये जातात. निम्म्याहून थोडा जास्त भार कराच्या बचतीनेच उचलला.

चाळिशीतल्या माणसाने हे २० वर्षं चालवलं, रक्कम कधीच वाढवली नाही आणि वर्षाला ९ टक्के परतावा धरला, तर साठीला सुमारे ६२ लाख होतात. ८ टक्के धरले तर ५५ लाख. परताव्याची हमी कुणी देत नाही, हे आकडे अंदाजासाठीच आहेत. आणि ६२ लाखांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. महागाई वर्षाला ५ टक्के राहिली तर २० वर्षांनंतरच्या ६२ लाखांची किंमत आजच्या साडेतेवीस लाखांएवढी असेल. तेवढ्यावर म्हातारपण निघत नाही. म्हणून योगदान बेसिकच्या टक्केवारीतच ठेवा, ठोक रकमेत नको. बेसिक वाढलं की तेही आपोआप वाढेल.

तिसरी पायरी: एचआरकडे काय मागायचं?

कंपनी एनपीएसच्या कॉर्पोरेट मॉडेलमध्ये नोंदलेली आहे का, हे आधी विचारा. नोंदलेली असेल तर तुमचा प्रान, म्हणजे कायमचा निवृत्ती खाते क्रमांक, त्या कंपनीशी जोडावा लागतो. आधीपासून स्वतःचं एनपीएस खातं असेल तर नवं उघडू नका, एका माणसाला एकच प्रान असतो. तेच खातं वैयक्तिक गटातून कॉर्पोरेट गटात हलवण्यासाठी आंतरक्षेत्र बदलाचा अर्ज असतो, तो भरून द्या.

अर्ज लांबलचक नको. एवढं पुरेल (सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, टिअर-१ म्हणजे एनपीएसचं मुख्य निवृत्ती खातं):

"माझ्या एकूण सीटीसीमध्ये बदल न करता, विशेष भत्त्यातून बेसिक व महागाई भत्त्याच्या १४ टक्के रक्कम दरमहा नियोक्त्याचे योगदान म्हणून माझ्या एनपीएस टिअर-१ खात्यात जमा करावी, ही विनंती. मी नवी करप्रणाली निवडलेली आहे. माझा प्रान क्रमांक सोबत देत आहे."

यातला "नियोक्त्याचे योगदान" हा शब्दप्रयोग सोडू नका. तेच पैसे तुमच्या पगारातून कापून तुमचं योगदान म्हणून भरले तर नव्या प्रणालीत वजावट शून्य. रक्कम तीच, खातं तेच, पण कुणाच्या नावाने भरली यावर सगळा कर अवलंबून आहे.

वेळ एप्रिलची. बहुतेक कंपन्या पगाराची मांडणी बदलण्याची संधी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला किंवा पगारवाढीच्या वेळी देतात. ती चुकली तर वर्ष हातचं गेलं. कंपनी नोंदलेलीच नसेल तर एकट्याने मागण्यापेक्षा आठ-दहा सहकाऱ्यांनी मिळून पत्र द्या. पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यांतल्या लहान कंपन्यांना ही नोंदणी म्हणजे मोठं झंझट वाटतं, पण कंपनीला यात स्वतःचा पैसा घालावा लागत नाही, उलट तिने भरलेलं योगदान तिच्या हिशेबात मर्यादेत खर्च म्हणून वजा होतं. हे पत्रात लिहा. मालकाला ते पटतं.

फॉर्म १६ हातात आला की घाबरू नका. कंपनीचं एनपीएस योगदान आधी तुमच्या पगारात मिळवलेलं दिसतं आणि मग ८०सीसीडी(२)खाली वजा केलेलं दिसतं. दोन्ही नोंदी असायला हव्यात. मिळवलंय पण वजा केलेलं नाही, असं दिसलं तर लगेच विचारा आणि रिटर्न भरताना ती वजावट स्वतः तपासा. नव्या प्रणालीत वजावटी नाहीत असं गृहीत धरून अनेक जण हा रकाना कोराच सोडतात.

चौथी पायरी: पीएफ १,८०० वर अडकलाय का?

तुमच्या स्लिपवर पीएफची कपात बरोबर १,८०० रुपये दिसते का? तसं असेल तर कंपनी १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्के भरते आहे, तुमचं बेसिक कितीही असो. वर्षानुवर्षं लोकांना हे लक्षातच येत नाही आणि निवृत्तीला पीएफची रक्कम पाहून धक्का बसतो.

कंपनीचा पीएफचा हिस्सा पगाराच्या १२ टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. बेसिक महिन्याला ५७ हजार असेल तर पूर्ण १२ टक्के म्हणजे ६,८४०. कंपनीच्या हिश्श्यात महिन्याला ५,०४० रुपये वाढतात. ही वाढ विशेष भत्त्यातून आली तरी तेवढी रक्कम करातून सुटते. तुमचा हिस्साही तेवढाच वाढतो. त्यावर वजावट मिळत नाही, पण व्याज करमुक्त असतं. २०२४-२५ साठी ईपीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता.

मात्र वाढवण्याआधी घरकर्जाचा हप्ता, मुलांच्या फिया यांचा हिशेब मांडा. हातात पडणारी रक्कम दोन्ही बाजूंनी घटते आणि एकदा वाढवलेलं योगदान पुन्हा १,८०० वर आणू देणाऱ्या कंपन्या विरळाच.

बेसिकबद्दल आपली जुनी समजूतही आता बदलायला हवी. पूर्वी घरभाड्याची सूट, निरनिराळे भत्ते यांसाठी बेसिक कमी असलेलं बरं वाटायचं. नव्या प्रणालीत त्या सुटी नाहीतच. जे करमुक्त उरलं आहे ते सगळं बेसिकला बांधलेलं आहे: १४ टक्के एनपीएस, १२ टक्के पीएफ, २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनीही वेतनाची व्याख्या एकूण मोबदल्याच्या निदान ५० टक्क्यांशी जोडली आहे. नवी नोकरी घेताना ऑफर लेटरवर सीटीसीच्या आकड्याइतकंच बेसिकच्या आकड्याकडेही बघा.

वरची मर्यादाही सांगून ठेवतो: कंपनीने पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन (कंपनीचा वेगळा निवृत्ती निधी) मिळून वर्षाला साडेसात लाखांपेक्षा जास्त भरलं तर वरची रक्कम करपात्र होते. बेसिक २८ लाखांच्या पुढे जाईपर्यंत याची चिंता नको.

जुनी प्रणाली सोडावी का?

नोकरदाराला दरवर्षी रिटर्न भरताना निवड बदलता येते, त्यामुळे हा जन्माचा प्रश्न नाही. १६ लाख पगारावर नव्या प्रणालीत १,१३,१०० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत तेवढाच कर यायला ५० हजारांची प्रमाणित वजावट सोडून आणखी ५ लाख ६८ हजार ७५० रुपयांच्या वजावटी लागतात. ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे ५० हजार, घरकर्ज व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार, सगळं पूर्ण वापरलं तरी बेरीज सव्वाचार लाखच होते. उरलेल्यासाठी घरभाड्याची मोठी सूट लागते. मुंबई-ठाण्यात मोठं भाडं भरून राहणारे आणि शिवाय घरकर्ज असलेले काही जण आजही जुन्यात फायद्यात असतात. बाकीच्यांना नवीच बरी.

एक मात्र कळकळीने सांगतो. नवी प्रणाली घेतल्यावर "टॅक्स वाचवा" म्हणून विकली जाणारी एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी घेऊ नका. ८०सीची वजावटच नसेल तर तिचं मुख्य आकर्षणच उरत नाही. विमा हवाच, पण तो साधा टर्म विमा.

पाचवी पायरी: वजावट नाही, तरी कुठे भरायचं?

व्हीपीएफ आणि पीपीएफ यांची खरी ताकद करमुक्त व्याजात आहे आणि ती नव्या प्रणालीत शाबूत आहे. पीएफमध्ये तुमचा स्वतःचा हिस्सा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला तर वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र होतं, हा नियम १ एप्रिल २०२१ पासून आहे. ८ लाख बेसिक असलेल्याचा सक्तीचा हिस्सा ९६ हजार, म्हणजे आणखी १ लाख ५४ हजार तो व्हीपीएफमध्ये बिनधोक टाकू शकतो.

पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वात कमी शिलकीवर मोजतात, म्हणून रक्कम ५ तारखेच्या आत टाका. जमत असेल तर वर्षाची सगळी रक्कम १ ते ५ एप्रिलमध्येच. पत्नी घर सांभाळत असेल तर तिच्या नावाने वेगळं खातं काढा, तिची दीड लाखाची मर्यादा स्वतंत्र असते. तुम्ही दिलेल्या पैशावरचं तिचं उत्पन्न एरवी तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं, पण पीपीएफचं व्याज करमुक्तच असल्याने तो प्रश्न येत नाही. आणि घरातल्या बाईच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीने चालणारी पुंजी असणं कराच्या पलीकडेही गरजेचं आहे.

निवृत्तीला १० वर्षांहून जास्त अवकाश असेल तर इक्विटी (शेअर) फंडातली एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक, हवीच. २३ जुलै २०२४ पासून वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या युनिटच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि वर्षाचा पहिला सव्वा लाख नफा करातून सुटतो. पूर्वी हे आकडे १० टक्के आणि १ लाख होते. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट (रोख्यांत गुंतवणाऱ्या) फंडांच्या नफ्यावर मात्र तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, त्यामुळे सुरक्षित भागासाठी आधी पीएफ-पीपीएफ भरून घ्यावं.

ज्यांना मालक नाही त्यांचं

दुकानदार, डॉक्टर, सल्लागार यांना १४ टक्क्यांचं दार बंद आहे. पण अनुमानित उत्पन्नाची, म्हणजे जमेचा ठरावीक हिस्साच उत्पन्न धरण्याची सोय वापरणाऱ्या डॉक्टर-सल्लागारांसारख्या व्यावसायिकाच्या २४ लाखांच्या जमेपैकी निम्मी, म्हणजे १२ लाख, उत्पन्न धरली जाते आणि नव्या प्रणालीत त्यावर कर येत नाही. वाचलेला कर पीपीएफ आणि एसआयपीत जाऊ द्या, जमेच्या एका ठरावीक टक्क्याने, कारण इथे पगार दरमहा सारखा नसतो. प्रणाली बदलताना सावध राहा: व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याने जुनी निवडून पुन्हा नवीत आल्यावर परत जुनीत जाता येत नाही.

एनपीएसच्या आत काय चाललंय तेही पाहा

खातं उघडून विसरून जाणं ही सर्वात महागडी सवय आहे. नेहमीच्या आपोआप पर्यायात, एलसी-५० मध्ये, ३५ वर्षांपर्यंत ५० टक्के इक्विटी असते आणि पुढे दरवर्षी २ टक्क्यांनी उतरत ५५ ला १० टक्क्यांवर येते. म्हणजे ४५ व्या वर्षी फक्त ३० टक्के. पंधरा वर्षं बाकी असलेल्या माणसाला हे मला फार कमी वाटतं. सक्रिय पर्यायात, जिथे प्रमाण तुम्ही स्वतः ठरवता, ७५ टक्क्यांपर्यंत इक्विटी घेता येते आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बिगरसरकारी सदस्यांसाठी १०० टक्के इक्विटीच्या योजनाही आल्या आहेत. शंभर टक्क्यांची गरज सहसा नसते, पण पन्नाशीच्या आत ६०-७५ टक्के ठेवायला हरकत नाही.

अडीअडचणीला या खात्यावर भिस्त ठेवू नका. अंशतः काढण्याची मुभा तुमच्या स्वतःच्या योगदानाच्या २५ टक्क्यांपुरती असते, कंपनीने भरलेल्या पैशाला ती लागू नाही. वरच्या उदाहरणांत सगळं योगदान कंपनीच्या नावाने आहे, म्हणजे मधल्या काळात हाताला काहीच लागणार नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवल्याशिवाय ही मांडणी करू नका.

साठीला पोचल्यावर

डिसेंबर २०२५ मध्ये पेन्शन नियामकाने बाहेर पडण्याचे नियम सैल केले. बिगरसरकारी सदस्याला आता ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी घेता येते आणि किमान २० टक्क्यांची ॲन्युइटी (नियमित पेन्शन देणारी विमा योजना) घ्यावी लागते. आधी हे प्रमाण ६० आणि ४० होतं. जमा रक्कम ८ लाखांपर्यंत असेल तर सगळीच काढता येते. पण एकरकमी रकमेची करमाफी ६० टक्क्यांपुरती लिहिलेली आहे, म्हणून त्याहून जास्त उचलण्याआधी त्या वर्षीचा करनियम सीएकडून तपासून घ्या. एकदम काढण्याची घाईही नाही: पैसा ८५ वर्षांपर्यंत खात्यात ठेवता येतो. ॲन्युइटीतून येणारं पेन्शन टप्प्याप्रमाणे करपात्र असतं, पण ज्याचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे त्याला नव्या प्रणालीत त्यावर कर येत नाही.

खासगी नोकरीतून निवृत्त होताना मिळणारी रजेची रोख रक्कम २५ लाखांपर्यंत करमुक्त आहे. ही मर्यादा २०२३ पर्यंत फक्त ३ लाख होती. ग्रॅच्युइटी, रजेची रक्कम आणि पीएफ हे सगळं एकाच महिन्यात खात्यात येतं आणि त्याच महिन्यात बँकेतून आणि एजंटांकडून फोन सुरू होतात. तीन महिने कुणालाही होकार देऊ नका. तोवर पैसे साध्या मुदत ठेवीत ठेवा, फक्त ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं काढायची मुदत चुकवू नका. साठीच्या आत, पंचावन्ननंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून ३ महिन्यांत ते उघडावं लागतं. साठी ओलांडलेल्यांना ही अट नाही.

या योजनेची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३० लाख आहे. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. नवरा-बायको दोघेही पात्र असतील तर दोघांची खाती स्वतंत्र. ज्येष्ठांच्या बँक व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५० हजारांवरून एका बँकेमागे १ लाखावर गेली आहे. त्याहून जास्त व्याज असेल आणि एकूण कर शून्यच येणार असेल, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक बँकेत टीडीएस कापू नये असं घोषणापत्र द्या, ज्याला आजवर आपण १५एच म्हणत आलो. एका बँकेत दिलं म्हणजे सगळीकडे झालं असं होत नाही. पोच मागून घ्या आणि त्याच भेटीत प्रत्येक खात्याचं नॉमिनेशन वाचून पाहा, कारण पस्तीस वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्यावर अजून आई-वडिलांचंच नाव असतं.